टर्बोच्या गाडीचं पॅकिंग

उद्यमनगर, कोल्हापूर
ऑगस्ट २००९

प्रिय वीरेश,

फोनवर तू "अव्वा बरी आहे ना, मुलं बरी आहेत ना" एवढं विचारतोस आणि मी आप्पांचं नाव काढलं, की तुला लगेच शिफ्टची घाई होते. होसूरची शिफ्ट नेमकी त्याच क्षणी कशी सुरू होते, हे मी विचारत नाही. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. आज सोमवार, बाजार बंद. आप्पा बाहेर ओट्यावर बसले आहेत. आत दुकानात मी एकटीच.

अव्वाचा गुडघा पहिल्यापेक्षा बरा आहे. रक्षिताचा शाळेच्या गणवेशातला फोटो तिनं देवघराशेजारी लावलाय आणि आल्यागेल्याला "नातीचं नाक अगदी वीरेशचं" म्हणून दाखवते. शेजारचा लेथवाला जागा विकून गेला, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मुलं शाळेत गेली की मी दुकानावर येते, हे तुला माहीत आहे. पण काय काय करते, ते कधी सांगायला मिळालं नाही. इंजिनाच्या सांध्यात बसणारं पॅकिंग मीच निवडते आता. तू हसशील. तुमच्या कंपनीत त्याला गॅस्केट म्हणत असाल, इथं मात्र अजून पॅकिंगच.

गिऱ्हाईक आलं, की आधी गाडी टर्बोची आहे की साधी, हे विचारते. साध्या इंजिनाला जे वर्षानुवर्षं टिकतं, ते टर्बोच्या धगीपुढं टिकत नाही. इंजिनातून निघालेला जळता धूर टर्बोच्या पंख्यावर जातो, मध्ये कोंडतो, आणि त्याला बाहेर पडायला केसाएवढी फट मिळाली तरी पुरते. म्हणून पातळ पोलादी पत्र्यांचे थर असलेलंच पॅकिंग देते, प्रत्येक भोकाभोवती उठावदार कडा असलेलं. भोक इंजिनाच्या तोंडाशी जुळवून बघते. ते जराही लहान असेल, तर कड आगीच्या वाटेत येते आणि तिथूनच जळायला सुरुवात होते. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचा चेहरा पट्टी लावून बघायला सांगते, वाकडा असेल तर आधी घासून आणायला. जुनं पॅकिंग परत बसवणार असाल तर माझ्याकडं येऊ नका, असं तोंडावर सांगते. लोक म्हणतात, बाई लई कडक हाय. यातलं काहीच माझं नाही रे. डिप्लोमा करून आलास तेव्हा जेवताना ताटात बोटानं रेघा ओढून तू हे सगळं आप्पांना समजावत होतास, आणि वाढता वाढता मी ऐकत होते.

आप्पांना त्या वेळी ते का पटलं नाही, याचा मी खूप विचार केला आहे. शिरोळहून ते आले, तेव्हा हातात एक कात्री आणि एक पंच होता. अ‍ॅस्बेस्टॉसच्या शीटवर जुनं पॅकिंग ठेवायचं, पेन्सिल फिरवायची आणि हातानं असं कापायचं, की छापातून काढल्यासारखं बसावं. साखर कारखान्याच्या जीपा, उसाचे ट्रॅक्टर, एसटीतून निघालेली जुनी इंजिनं, सगळ्या जिल्ह्याचे फिटर "शिवानंदअण्णांचं पॅकिंग" असं नाव घेऊन यायचे. आणि अशा माणसाला तू म्हणालास, "आप्पा, ही शीट टर्बोला चालायची न्हाय." तू खरं तेच बोलत होतास. पण त्यांना वाटलं, तू त्यांचे हातच चालायचे नाहीत म्हणतोस.

बिद्रीच्या हंबीररावांची गाडी आली तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण मी अव्वाला घेऊन दुकानावर आले होते. नवीकोरी टर्बो डिझेल गाडी, पण चढाला दम सोडत होती आणि मॅनिफोल्डपाशी काजळी धरली होती. तू म्हणालास, पुण्याहून पोलादी पॅकिंग मागवतो, दोन दिवस गाडी थांबवा. हंबीररावांना सकाळी कोकणात उतरायचं होतं. आप्पांनी सगळ्यांसमोर तुला विचारलं, "चार बुकं शिकलास म्हणून बापाला शिकवतोस व्हय?" आणि कात्री उचलली. पॅकिंग त्यांनी कापलं. बोल्ट तू आवळलेस, त्यांनी सांगितलं म्हणून.

घाटात ते पॅकिंग फुटलं. जळता धूर डिझेलच्या रबरी नळीवर गेला आणि बॉनेटखाली आग लागली. हंबीरराव मागं बसले होते, ते उतरले. त्यांचा ड्रायव्हर कृष्णात आग विझवायला धावला आणि त्यानं तापलेलं बॉनेट उघड्या हातांनी उचललं. त्या हातांचं काय झालं, ते तुला मी सांगायला नको. दवाखान्यात तू रोज त्याच्या उशाशी बसायचास आणि तो तुझ्याकडं पाठ फिरवून झोपायचा. कारण तोवर आप्पांचं वाक्य गावभर झालं होतं. हंबीरराव चार माणसं घेऊन दुकानाच्या दारात आले, आणि आप्पा म्हणाले, "बोल्ट पोरानं आवळल्यात."

खोटं नव्हतंच ते. म्हणूनच तुला ते खोडता आलं नाही. मी वाट बघत होते, की आता ते पुढं काहीतरी म्हणतील. ते आत गेले. पुढच्या महिन्यात तू होसूरला गेलास.

तुझ्यामागं काय झालं, ते तुला कुणी सांगितलं नसेल. तू गेलास आणि थोड्याच दिवसांत आप्पांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या शीटा मागवणं बंद केलं. तू ज्या पुण्याच्या व्यापाऱ्याचं नाव घेत होतास, त्याच्याकडूनच पोलादी माल यायला लागला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता लोकांस्नी रेडिमेड पायजे." कृष्णातला ड्रायव्हिंग जमेना, उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, तर त्याला घरून बोलावून गल्ल्यावर बसवलं. मला वाटलं, दया आली असेल. तुझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मात्र त्यांनी ती बराच वेळ हातात धरली होती. मी विचारलं, "आप्पा, जायचं ना?" तर म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ?" मला तो राग वाटला. अव्वालाही रागच वाटला. आम्ही दोघीच आलो, आणि मांडवात तू आमच्या मागं कुणी येतंय का बघत होतास.

आता आप्पांना नीट आठवत नाही, वीरेश. हे तुला फोनवर सांगायचं राहून गेलं, असं नाही. तू ऐकून घेतलं नाहीस. गेल्या वर्षी घराचा रस्ता चुकले, तेव्हा सुरू झालं. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. मला कधी अक्का म्हणतात, म्हणजे त्यांची स्वतःची बहीण. कृष्णातला फिटर समजतात. पण दुकानावर आणून बसवलं की शांत असतात, म्हणून रोज आणतो. त्यांच्या हाती कागद आणि बोथट कात्री दिली आहे, त्यानं काहीबाही कापत बसतात.

दिवाळीनंतर एकदा निपाणीचा एक गाडीवाला पॅकिंग घ्यायला आला होता. महाग वाटलं म्हणून त्यानं विचारलं, शीटमधलं कापून देणारं कुणी नाही का? मी उत्तर द्यायच्या आत आप्पा उठले. त्याचा हात धरला आणि म्हणाले, "नको रं. माझा पोरगा सांगत हुता, ही शीट टर्बोला टिकायची न्हाय. मी ऐकलं न्हाय. एका माणसाचं हात भाजलं. जळकं पॅकिंग मी सोता काढलं, मधल्या भोकापाशी जळालं हुतं. बोल्ट समदं घट्ट हुतं, पान्यानं सोडवताना माझा घाम निघाला. पोराची काय बी चूक न्हवती. आन् मी त्याच्यावर ढकललं."

गाडीवाला गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी कृष्णातकडं बघितलं. तो गल्ल्यावरून उठला होता. इतकी वर्षं तो याच दुकानात, याच माणसाशेजारी बसून तुला शिव्या घालत होता आणि आप्पा खाली मान घालून ऐकून घेत होते. कृष्णात बाहेर नळापाशी गेला आणि तोंड धूत राहिला. परत आला तेव्हा आप्पांना रागावला नाही, त्यांना चहा पाजला. मला एवढंच म्हणाला, "अक्का, वीरेश रोज डबा घिऊन यायचा दवाखान्यात. मी एक दिवस बी खाल्ला न्हाय."

तुझ्याबद्दल मला कधी शंका नव्हती. पण माझा विश्वास तुला काय कामाचा होता? ज्याच्या तोंडून हवं होतं, त्याच्या तोंडून आता ते रोज येतं. कुणीही अनोळखी माणूस आला की त्याला हात धरून बसवतात आणि सगळं सांगतात, कधी रडतात. मात्र ओळखीच्या माणसापुढं एक शब्द नाही. मी एकदा म्हटलं, "आप्पा, वीरेशला बोलावू? त्यालाच सांगा." तर चेहरा पांढरा पडला, भिंतीकडं तोंड करून बसले आणि दोन दिवस जेवले नाहीत. सगळं विसरले, ती लाज तेवढी विसरले नाहीत.

म्हणून हे पत्र. तू ये, पण मुलगा म्हणून येऊ नकोस. घरी न जाता आधी दुकानावर ये. ते तुला ओळखणार नाहीत. तू आता जाड झालास, केस पिकलेत, चष्मा आहे. "आप्पा" म्हणून हाक मारू नकोस. टर्बोच्या गाडीला पॅकिंग पाहिजे, एवढंच म्हण. "बसा पावणं," म्हणतील आणि तुझा हात धरून तुझ्याबद्दल तुलाच सांगतील. ऐकताना तुला सावरता येईल का, मला माहीत नाही. हे एवढं पुरेल का, तेही माहीत नाही. पण याहून जास्त आता त्यांच्यापाशी उरलेलं नाही, आणि जे आहे तेही चाललंय. परवा एका गिऱ्हाइकाला अर्धं सांगून मध्येच थांबले आणि माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं?"

वाट बघणारी, तुझीच,
शिवांजली अक्का