एक पुडी, एक ग्लास

सोमवार, ४ मार्च

पोट साफ न झाल्याचा आज पाचवा दिवस. माझा नव्हे, बाबांचा! सासरेबुवा अर्धं ताट टाकून उठले. म्हणाले, "पोटात कुणी धोंडा ठेवलाय."

चाळीस वर्षं शर्यतींच्या शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच धरून उभा राहिलेला माणूस. येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर पुन्हा उभं राहायचंय, तेही शेवटचं. पुढच्या वर्षीपासून तिथे यंत्र येणार. "असं पोट घेऊन तीन तास कसा उभा राहू?" हे मला नाही, पंख्याला विचारलं.

लेख गेला. अकराची मुदत, पावणेअकराला पाठवला. जानेवारीत टेबल संडासाशेजारच्या खिडकीशी आणलं, तेव्हापासून एकदाही उशीर नाही. सकाळचा उजेड घरात तिथेच. शिवाय मी लिहायला बसले की बाबा मांजराच्या पावलांनी वावरतात. सात ते अकरा — चिडीचूप. असा सासरा मिळायला भाग्य लागतं!

मंगळवार, ५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. उलटी? रक्त? कळा? नाही, नाही, नाही. मूत्रपिंडाचा रिपोर्ट चांगला. कधीपासून त्रास? "जानेवारी." मग विचारलं, "लागली की लगेच जाता ना? दाबून नाही ना ठेवत?" बाबांना भिंतीवरच्या आतड्याच्या चित्रात एकदम रस वाटू लागला.

पावडर दिली. दहा पुड्यांचं खोकं. "दिवसाला एकच. ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवून. ही आतड्याला ढकलत नाही, आत पाणी धरून ठेवते — मग मऊ होतं. एक ते तीन दिवस लागतात. झालं नाही म्हणून दुसरी पुडी घ्यायची नाही. तुमची बीपीची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी आहे, म्हणून जास्तच जपा. दिवसभर पाणी पीत राहा. जुलाब लागले तर बंद करून मला फोन. आणि काय होतंय ते वहीत लिहून ठेवा."

"तीन दिवस?" बाबा म्हणाले. "तेवढ्यात माणूस मॅरेथॉन पळून, आंघोळ करून, पेपरात छापूनसुद्धा येतो!"

अकरा चाळीसला ग्लास रिकामा. स्टॉपवॉच चालू. खरंच चालू केलं!

बुधवार, ६ मार्च

चोवीस तास. काही नाही. दुसरी पुडी, वेळेवर, माझ्या समोर. बाबा घड्याळ गळ्यात घालून येरझारा घालतायत. नवरा ऑफिसला निघता निघता म्हणाला, "बाबा, पळणारा अजून मैदानावरच आलेला नाही." बाबांनी त्याला दाराबाहेर काढलं.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी सहा दहाला शिट्टी! त्यांची जुनी, पितळेची, आतून वाजवली. आम्ही दोघांनी बाहेर टाळ्या वाजवल्या.

नवरा हसत ऑफिसला गेला. दहापर्यंत चार फेऱ्या झाल्या. पाचवीनंतर बाबा भिंत धरून उभे. "जरा गरगरतंय."

खोकं उघडलं. आठ पुड्या असायला हव्या होत्या. होत्या पाच.

"बाबा!"

"अगं, पहिलीने काही केलं नाही. म्हणजे फॉल्स स्टार्ट. फॉल्स स्टार्ट झाला की सगळ्यांना रेषेवर परत आणायचं, पुन्हा सोडायचं. पहिलं धरायचंच नाही."

"धरायचं नाही? ती पोटात गेलीय, बाबा! ती काय रेषेवर परत येणारे?"

मंगळवारी रात्री एक, बुधवारी रात्री दोन. शांतपणे सांगितलं, पंचासारखं.

फोन केला. पावडर बंद. बीपीची ती गोळी आज नाही. मीठ-साखरेची पावडर पाण्यात कालवून घोट घोट. लघवी कमी झाली, उभं राहता आलं नाही, तर थेट आणा. संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. प्रेशर जरा खाली, बाकी ठीक. "रविवारचं शनिवारी ठरवू," म्हणाल्या.  बाबा शिट्टी उशाशी ठेवून झोपले. माझा मात्र जीव टांगणीला.

शुक्रवार, ८ मार्च

एकच फेरी. भूक लागली म्हणाले! खोकं माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

शनिवार, ९ मार्च

परवानगी! अटी तीन — शेजारी खुर्ची, डोक्यावर टोपी, दर शर्यतीनंतर पाणी. गोळी उद्यापासून पुन्हा. पावडर मात्र गरज पडली तरच, आणि एकच. सोमवारी वही घेऊन यायचं. "आणि साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या मैदानावर फॉल्स स्टार्ट नसतो."

"समजलं, बाई," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना कुणाचं तरी इतक्या लवकर पटलं.

रविवार, १० मार्च

उभे राहिले. सव्वातीन तास. खुर्चीवर बसली ती त्यांची टोपी — ती मी उचलून डोक्यावर ठेवायचे, ते परत काढून ठेवायचे. पाणी मात्र दर शर्यतीनंतर प्यायले. शेवटची शर्यत संपली तेव्हा घड्याळ बंद करायला अंगठा जरा थांबला. बाकी कुणाला कळलं नसेल.

सोमवार, ११ मार्च

डॉक्टरकडे न्यायची म्हणून बाबांची वही उघडली. पहिलं पान पाच मार्चचं असेल असं वाटलं होतं. निघालं अकरा जानेवारीचं.

"७.०५. लागली. सूनबाई लिहितेय. थांबलो. ८.४०. लागली. लिहितेय. थांबलो. ११.१०. आता येत नाही."

पानांमागून पानं.

"ती वही इकडे आण!" बाबा ओरडले. उशीर झाला होता.

नवऱ्याने एक बाजू धरली, मी दुसरी. टेबल स्वयंपाकघरात. बाबांनी नाक मुरडत वेळ लावली — दोन मिनिटं चाळीस सेकंद. इथे उजेड नाही. पावणेअकरा कधीच वाजून गेले, लेखाचा अजून पत्ता नाही.

होऊ दे उशीर!