चारच्या अलीकडे

वाशी, ९ ऑगस्ट १९८३

ती. श्यामसुंदरमामांस,
जयमालाचा शि. सा. न. वि. वि.

लाल शाईने चुका दाखवून तुम्ही परत पाठवलेलं माझंच पत्र पोचलं. आईने ते शेजारच्या चारुलताकाकूंनाही दाखवलं. भाचीची अशी अब्रू घेणारा मामा अख्ख्या चिपळुणात दुसरा नसेल.

आज मात्र खरंच अडलं आहे. आमच्या महाप्याच्या रबर कंपनीत परवा अपघात झाला. करावे गावचा शिवा, माझ्याच वयाचा. त्याचा उजवा हात रोलरमध्ये गेला, दोन बोटं गेली. पाळी चारला सुटते. त्याची किंकाळी मी ऑफिसात ऐकली आणि मग चारचा भोंगा झाला, हे मला पक्कं ठाऊक आहे. फोरमन म्हणतो, भोंग्यानंतर तो उगाच मशीनशी खेळत होता. तसं ठरलं तर शिवाला भरपाई नाही.

रिपोर्ट मी टाइप करायचा आहे. आमचे मॅनेजर टिपणीससाहेब म्हणाले, वेळ चारच्या सुमारास अशी घाला, इंग्रजी तुमचं, सही माझी. चारच्या आधी असं घालू का विचारलं, तर म्हणाले, वाद वाढवू नका, तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात. मामा, अबाउट, अराउंड, अप्रॉक्झिमेटली, ऑलमोस्ट, निअरली, डिक्शनरीत सगळ्यांचा अर्थ एकच दिलाय. खरंच एकच आहे का? रिपोर्ट पुढच्या बुधवारी द्यायचा आहे.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहेच. लाल शाई थोडी कमी असावी, ही विनंती.

तुमची,
जयमाला

चिपळूण, १२ ऑगस्ट १९८३

चि. जयमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

या खेपेला फक्त सात चुका. प्रगती आहे.

डिक्शनरी चाळून इंग्रजी येत असतं तर मला पस्तीस वर्षं खडूची धूळ खावी लागली नसती. 'अबाउट फोर' म्हणजे चारच्या अलीकडे किंवा पलीकडे, कुठेही. तुझी मामी दहा मिनिटांत तयार होते म्हणते तसं. 'अराउंड' हा त्याचाच गप्पिष्ट भाऊ. 'अप्रॉक्झिमेटली' म्हणजे कोट घातलेला 'अबाउट'. सरकारी कागदात शोभतो, पण बाजू तोही घेत नाही. 'ऑलमोस्ट' आणि 'निअरली' मात्र अलीकडेच थांबतात. 'निअरली फोर' म्हटलं की चार वाजलेले नाहीत. दहावीच्या सहामाहीला तू इंग्रजीत निअरली पास झाली होतीस. म्हणजे काय झालं होतं, ते मी सांगायला नको.

आता थट्टा पुरे. साहेब न वाचता सही करतील या भरवशावर 'निअरली' घालणार असशील, तर पुढे कधीतरी नीट वाचणारा भेटेल हेही धरून चाल. तेव्हा शब्दामागे लपता येणार नाही, तोंडाने सांगावं लागेल. धीर होत असेल तरच घाल. नाही झाला तरी तू माझी भाचीच.

मामी म्हणते, दहा मिनिटांचं वाक्य खोडा. खोडत नाही. तब्येतीला जप आणि असंच छळत राहा.

तुझा मामा,
श्यामसुंदर

वाशी, ४ सप्टेंबर १९८३

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

'निअरली' घातला. साहेबांनी सही करताना कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तुमचा नीट वाचणारा काही येत नाही, असं मी मनात म्हणतच होते.

परवा आला. विम्याचे इन्स्पेक्टर, जाड चष्मा, तुमच्यासारखेच खवट. त्यांनी साहेबांना विचारलं की निअरली फोर म्हणजे पाळी सुटायच्या आधीच ना. साहेब गडबडले. म्हणाले, सगळं एकच हो, टायपिस्टबाई नवीन आहेत, चूक झाली असेल. मला आत बोलावलं. फोरमन दाराशी उभा. मी म्हटलं, चूक नाही. किंकाळी आधी ऐकली, भोंगा नंतर झाला. आणखी कुणी ऐकलं का, असं त्यांनी विचारलं. झाडूकाम करणारी गोजरा बाहेर पिंपाशी होती. ती न बोलावताच आत आली आणि म्हणाली, पोर बोंबलला तवा भोंगा झालाच नव्हता, मना ठाव हाय.

इन्स्पेक्टरांनी सगळं लिहून घेतलं. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलंय. आई रागावली आहे. माझ्यावर नाही, तुमच्यावर. दसऱ्याला जरा जपून या. माया पातळ होऊ देऊ नका.

जयमाला

चिपळूण, ८ सप्टेंबर १९८३

चि. जयमाला हिस आशीर्वाद.

तुझ्या आईला सांग, गुन्हा कबूल. दसऱ्याला शिक्षा भोगायला येतो. पत्र तीनदा वाचलं. चुका असतील, मला दिसल्या नाहीत. शिवाचं काय झालं, ते कळव.

श्यामसुंदर

वाशी, २० नोव्हेंबर १९८३

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

शिवाची भरपाई मंजूर झाली. तो कामावर परतलाय, स्टोअरमध्ये. साहेब हल्ली सहीआधी प्रत्येक पत्र मला मोठ्याने वाचायला लावतात आणि मधेच थांबवून विचारतात की बाई, या शब्दात काही आहे का.

काल शिवाला भरपाईच्या कागदावर सहीसाठी माझ्या टेबलाशी बोलावलं होतं. सही डाव्या हाताने. दोन महिने घरी गिरवत होता म्हणे. कागद सरकायला लागला म्हणून मी धरायला गेले, तर म्हणाला, नको बाय, मीच धरतो. परत आल्यापासून उजवा हात सतत खिशात असायचा. तो त्याने बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि उरलेल्या बोटांनी कागद दाबून आपलं पूर्ण नाव लिहिलं. खूप वेळ लागला. साहेब केबिनच्या दारात उभे होते, पण कुणी घाई केली नाही.

आज याहून जास्त लिहवत नाही.

तुमची,
जयमाला