वा, छान! असंच चालू दे

प्रिय ताई,

आधी एक विनंती. हे पत्र फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड. परवा भावजींचा फोन शाळेच्या ऑफिसात आला होता. तू बाबांचा फोन उचलत नाहीस, त्यांचं नावसुद्धा काढू देत नाहीस आणि पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही म्हणतेस, हे त्यांच्याकडून कळलं. का, तेही त्यांनी सांगितलं. तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. परीक्षा संपेपर्यंत आम्हा बोर्डिंगच्या मुलांना फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. रेक्टरांपुढे जाऊन रडलोसुद्धा. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना कर म्हणाले आणि वर्गात पाठवून दिलं. म्हणून हे पत्र. दुसरं मी करू तरी काय?

तुला वाटेल, आला बाबांचा वकील. तसं नाही गं. या वर्षात इथे काय काय झालं तेवढंच सांगतो. मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासूनच सांगता येते आणि तू चिडतेस, ‘पिपाणी, मुद्द्यावर ये’ म्हणतेस. येतो मुद्द्यावर, पण माझ्या रस्त्याने.

वर्षाच्या सुरुवातीला मला चॅपलच्या क्वायरमध्ये एकट्याने गायचा मान मिळाला. तुझीच पिपाणी कामाला आली म्हण. क्वायर शिकवतात ते शिट्टी फादर. श्वास घेताना त्यांचं नाक वाजतं, बाकी माणूस देव आहे. त्यांनी मला रोज सकाळी उपाशीपोटी घोटवून घेतलं. शाळेच्या वर्धापनदिनाला बाबा आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसले. मी जीव ओतून गायलो, ताई. शेवटची वरच्या पट्टीतली ओळ संपली तेव्हा दाराशी उभा असलेला आमचा आचारी डोळे पुसत होता, जो आम्हाला एक पोळी जास्त देत नाही तो! आणि बाबा शेजारच्या माणसाकडे बघत होते. तो उभा राहिला, मग हे उभे राहिले. बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘वा, छान! असंच चालू दे.’ बस्स, एवढंच. मला इतका राग आला की त्यांनी आणलेला खाऊ मी खोलीतल्या पोरांना वाटून टाकला.

पुढे सहामाहीत गणितात माझी दांडी गुल झाली. भेटीच्या रविवारी धीर करून बाबांना सांगितलं. आता बसणार म्हणून गाल तयार ठेवला होता, तर हे हसले आणि म्हणाले, ‘वा, छान! असंच चालू दे.’ माझ्या मित्राने ते ऐकलं आणि झालं, अख्ख्या बोर्डिंगला ते वाक्य मिळालं. कोणी जिन्यावरून पडलं, कोणाची वही ब्रदरांनी फाडली, की सगळे एका सुरात ओरडणार, वा, छान! असंच चालू दे! मीही ओरडायचो. हसून हसून पोट दुखायचं.

मग माझा आवाज फुटला. तोही कुठे, तर ऐन प्रार्थनेत, सगळ्या शाळेसमोर. मधल्या ओळीवर घशातून गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी निघालं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. मिठाच्या गुळण्या केल्या, मध चाटला, गुडघे टेकून देवालाही सांगून पाहिलं. शिट्टी फादर म्हणाले, बाळा, नदीला बांध घालता येतो, मिशीला नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याचा आवाज फुटतो त्याने क्वायरचा झगा उतरवायचा आणि जुन्या ऑर्गनच्या मागे बसून त्यात हवा भरणारा भाता मारायचा. हवा भरायला मोटर आहे, पण तिची घरघर फादरना खपत नाही. पोरं या भात्याच्या कामाला पेन्शन म्हणतात. तिथे अंधारात बसून मी दांडा वरखाली करतो आणि माझं गाणं दुसरंच एक चिमुरडं गातं. चांगलं गातं मेलं. कित्येकदा हात भात्यावर आणि डोळ्यांत पाणी, पण पुसायला हात मोकळा नसतो.

गेल्या भेटीच्या रविवारी बाबा आले. तोंड पाडूनच मी सांगितलं, की माझं गाणं संपलं, आता मी भात्यावर आहे. ते एकदम थांबले. म्हणाले, काय म्हणालास, पुन्हा बोल. मी पुन्हा बोललो. तर त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, अरे, तुझं ऐकू येतंय मला! मग मैदानाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. कारखान्यातल्या पत्रे ठोकायच्या यंत्राने त्यांचे कान खाल्लेत. बारीक, वरचे आवाज आधी गेले. दाराची घंटा, कपबशी, बायका, लहान मुलं. मी गात होतो तेव्हा नुसते माझे ओठ हलताना दिसत होते. समोरचा हसला की हसायचं आणि ‘वा, छान’ म्हणायचं, म्हणजे कोणाला कळत नाही आणि कारखान्यातली जागाही टिकते. मग म्हणाले, तेव्हा ऐकलं नाही, आता एकदा म्हणून दाखव ना ते गाणं. मी प्रयत्न केला, ताई. नुसती खरखर आली. तरी ते कान पुढे करून बसून राहिले.

जाताना माझ्याकडून वचन घेतलं, ताईला यातलं काही कळवायचं नाही, तिच्या अशा दिवसांत डोक्याला ताप नको. आणि फाटकाशी वळून विचारलं, पाळण्याला निळा रंग बरा की पिवळा? सुट्टीच्या दिवशी कारखान्यात बसून उरलेल्या नळ्यांचा करताहेत तो. मी पिवळा म्हणालो.

ते वचन आज मोडतोय. भावजी म्हणाले, तू दवाखान्यातून फोन केलास, सगळ्यांत आधी बाबांना. आपलं बाळ गेलं म्हणून सांगितलंस आणि बाबा हसून म्हणाले, ‘वा, छान! असंच चालू दे.’ ताई, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं गं. फोनवर तुझं नाव दिसलं, तू बोलतेयस एवढंच कळलं आणि त्यातच ते खूश झाले. त्यांना अजूनही माहीत नाही. फोनवर माझंही त्यांना कळत नाही, आणि भेटीचा रविवार अजून लांब आहे. तेव्हा मी सांगू का त्यांना, या माझ्या घोगऱ्या आवाजात? की तू येशील आणि समोर बसून, हात धरून सांगशील? आई असती तर तिने सांगितलं असतं. मला हे जमणार नाही, ताई. काल ते खाऊची पिशवी रखवालदाराकडे ठेवून गेले, सोबत निरोप होता: ताई हल्ली कामात दिसते, तुझ्याशी बोलली तर सांग, पाळण्याला पिवळाच रंग दिलाय.

तुझाच,
पूर्वीची पिपाणी