झाईच्या खाडीतले बांबू

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस वही टाळली, कारण लिहिलं की राग उतरतो.

चार दिवसांपूर्वी शेजारच्या पम्याने मुद्दाम भरतीची वेळ चुकीची सांगितली आणि गुजरातच्या हद्दीवरच्या झाईच्या खाडीत मी कमरेपर्यंत रुतलो. हा काठावरून हसत होता. "काय रे भटक्या, गुजरातला पोहत चाललास?"

आज ओहोटीत घट्ट वाळूची वाट दाखवणारे बांबू उपटले आणि मऊ चिखलात रोवले. पलीकडून घरी यायला तो तीच वाट धरतो. हे पाणी तलासरीच्या डोंगरातून किती फिरत येतं, माझ्यासारखं. असो. रुतू दे त्याला. मरणार नाही ना? बांबूच तर हलवलेत.

दारात पम्याची आई आलीय, चिखलाने माखलेली. "पोरा, बांबू कोणी हलवले रे? मी कशीबशी निघाले, पम्या मागे खाडीत रुतलाय, भरती लागलीय. दोर घे, चल."