बेचाळीस जणांचं रक्त

पावस,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

लाडक्या मनाल बेटीस,

सलाम आणि पोटभर दुआ. इकडे सगळे खुशाल. कलमांना वाटाण्याएवढी कैरी धरलीय. शेजारचा आमीर शनिवारी मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर सुके बांगडे धाडते. डब्यावर फडकं बांधलंय, नाहीतर तुझ्या लॅबवाल्यांना वास जायचा.

खालाचा फोन बिघडला का, म्हणशील. नाही गं. तुझे खालू बोटीवर असायचे, त्यांना पत्रं धाडायची म्हणून मी एकटीच अक्षरं गिरवायला शिकले. अवघड बोलणं मला अजून कागदावरच जमतं.

तू फोनवर म्हणालीस, "खाला, सगळ्या गावांत तुमच्या बायकांचं रक्त सरस!" मी स्पीकर लावला होता. जवळ बसलेली गंगुबाई तेव्हापासून मान वर करून चालते. मला मात्र जेवण गोड लागेना.

तुझं सांगणं मला पाठ आहे. रिपोर्टच्या कडेला जे नॉर्मल आकडे छापतात, ते दूरदेशीच्या माणसांवरून काढलेले. आपल्या किनाऱ्यावरच्या धडधाकट माणसात तांबड्या पेशी किती, पांढऱ्या किती, त्यांतल्या कुठल्या प्रकारच्या किती, ते आपल्याच रक्तावरून ठरवायचं. औषध-गोळी न घेणारी निरोगी माणसं जमव, म्हणालीस. मी बेचाळीस जमवली.

आणि महिनाभर आधीपासून त्यांना लोहाच्या गोळ्या चारल्या.

लिहिलं एकदाचं.

पाहुणे येणार म्हणून अंगण सारवतात ना, तसं केलं मी. गोळ्या मेडिकलातून मीच आणल्या, वर अळिवाचे लाडू. फॉर्म भरताना "काही औषध चालू आहे का?" असं तू विचारायचीस, तेव्हा बाजूला बसून मीच पुटपुटत होते, "नाही म्हण आणि पुढे हो."

का केलं, तेही ऐक. तुझ्या अम्मीने तुला हे सांगितलं नाही, आणि आता सांगायला ती नाही. तुझ्या अब्बांच्या आधी तिचं एक लग्न ठरलं होतं. मुलगा कुवेतला. त्याच्या घरच्यांनी रक्ताचा रिपोर्ट मागवला. तिचा आकडा छापलेल्या आकड्याच्या जरासा खाली. तेवढ्यावर 'मुलगी आजारी' म्हणून मोडलं. ती दोन घागरी घेऊन विहिरीच्या चाळीस पायऱ्या न थांबता चढायची, बेटा! मोडलं ते बरंच झालं, नाहीतर तू कुठली? पण आपल्या माणसांना पुन्हा कुणी कमी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तोच आकडा बदलायला तू आलीस, हे मला उशिरा उमगलं.

काल सगळ्यांना कमळाच्या पडवीत बोलावून खरं ते सांगितलं.

"म्हंजे आमचा रगत फुकट गेला काय गो?" कमळा म्हणाली.

"फुकट नाय, लबाड गेला," गंगुबाई म्हणाली. तिची मान अजून वरच.

हमीदचाचा उठूनच उभे राहिले. "परत सुई? मी पहिल्याच वेळी मरणाचा कलमा पढून बसलो होतो!" मग परत खाली बसत म्हणाले, "पोरीला सांग, यायचं तर डाव्या हाताला टोच. उजवा अजून रुसलाय."

सगळे तयार आहेत. गोळ्या बंद करून बावीस दिवस झाले. अजून किती थांबायचं, तू सांग. सोबत यादी आहे, कुणी किती दिवस घेतल्या ती. ते बेचाळीस आकडे तुझ्या कामातून काढून टाक. रागावलीस तरी काढ. मुंबईत सगळ्यांसमोर तू तुझं संशोधन वाचशील, ते खरं असू दे.

तुझ्या अम्मीचं रक्त तुला आता मोजता येणार नाही. पण आम्ही सख्ख्या बहिणी. आलीस की पहिली सुई मला टोच. आकडा खाली आला तर खाली लिही.

लाडू-गोळ्यांशिवायची, आहे तशी, तुझी
मासूमा खाला