हिरव्या स्फटिकाची पाटी आणि कथबर्ट नॅट्रस यांचा मृत्यू

प्रति,
मा. अभिरक्षक,
खनिज संग्रहालय, कोल्डरिग,
वेअर खोरे, परगणा डरहॅम.

विषय : दालन क्र. २ मधील हिरव्या स्फटिकाखालील पाटी बदलणेबाबत.
संदर्भ : आपली चार नकारपत्रे, शेवटचे दि. २ ऑक्टोबर १९७८ चे.

महोदय,

सविनय निवेदन की, या खोऱ्यातील जुन्या शिशाच्या खाणींतले कामगार आणि खनिजांचे व्यापारी यांची चरित्रे मी गेली अकरा वर्षे जमवीत आहे. दर रविवारी आपल्या संग्रहालयात स्वयंसेविका म्हणून बसते. सदर स्फटिकाखाली 'शोधक : एफ्राइम टीझडेल, १८९३' अशी पाटी आहे. एफ्राइम टीझडेल हे माझे आजोबा. पाटी खोटी आहे.

आजोबा स्फटिक विकत असत. खाणीत ते कधी उतरले नाहीत. हा स्फटिक कथबर्ट नॅट्रस, वय ३१, या कामगाराने काढला. दफन नोंदवहीत नॅट्रस यांच्या नावापुढे 'दारूच्या नशेत नदीत बुडून' असा शेरा आहे. ते मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे होते आणि दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांच्या यादीत त्यांची सही होती. शेऱ्यानंतर चर्चच्या मंडळीने ती सही खोडली व त्यांच्या विधवेला मदत नाकारली.

गतवर्षी आजोबांच्या पत्रांची नकलवही माझ्या हाती आली. त्यात भागीदारास लिहिले आहे : "माल सुखरूप मिळाला. नॅट्रस वरचा दगड कोसळून मेला. बंद बोगद्यात त्याला आपण धाडलं होतं, हे खाण कंपनीला कळता कामा नये. प्रेत नदीवर नेऊन ठेवलं आहे. अंगावर जिनची बाटली ओतली."

हे वाचून मी दोन दिवस जेवले नाही. याच माणसाच्या मांडीवर बसून मी अक्षरे शिकले.

मी अर्ज केला. आपण टीझडेल कुटुंबाची संमती मागितली. ती मी लिहून दिली. त्यावर आपण कुटुंबप्रमुखाची हवी असे कळविले. कुटुंबप्रमुख म्हणजे माझे बंधू विल्फ्रेड, जे आपल्या विश्वस्त मंडळावर आहेत. ते म्हणाले, "हेस्टर, पंच्याऐंशी वर्षं झाली. आता घराण्याचं नाव घालवून तुला काय मिळणार आहे?" पुढे आपण नॅट्रस कुटुंबाचा सहीनिशी अर्ज मागितला. त्या कुटुंबात एकट्या कु. डॉर्कस, कथबर्ट यांच्या कन्या, उरल्या होत्या. वय ८८, रुग्णालयात, हात चालत नव्हते. अंगठा ग्राह्य नाही, असे आपले शेवटचे पत्र सांगते.

म्हणून पुढील गोष्ट मी स्वतःहून कळवीत आहे. रविवार, दि. १२ नोव्हेंबर रोजी दुपारी माझ्याकडील किल्लीने मी कपाट उघडले, स्फटिक शालीत गुंडाळला आणि बसने रुग्णालयात नेला.

आधी कु. डॉर्कस यांना सर्व सांगितले, जिनचेही. मी कोणाची नात, हे त्यांना ठाऊकच होते. त्या म्हणाल्या, "लहानपणी मी आईला विचारायचे, बाबा प्यायचे का गं? ती म्हणायची, थेंबही नाही. आणि मी तिला मनातल्या मनात खोटारडी म्हणायचे. ती जाईपर्यंत म्हणत राहिले."

मी स्फटिक त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो मनगटाने चाचपला. "एकही कोपरा उडालेला नाही बघ, हेस्टर. दारूने हात थरथरत असता तर असा निघाला असता का?"

बुधवारी सकाळी त्या वारल्या.

स्फटिक जागेवर परत ठेवला आहे. जुनी पाटी काढून मी स्वहस्ते लिहिलेली लावली आहे. तीच कायम करावी, ही विनंती. नियमभंगाबद्दल होईल ती कारवाई मला मान्य आहे. विल्फ्रेड यांचा यात काही संबंध नाही.

नव्या पाटीवरील मजकूर असा : 'हा स्फटिक कथबर्ट नॅट्रस यांनी काढला. ते शुद्धीत होते.'

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
हेस्टर टीझडेल
कोल्डरिग, दि. १७ नोव्हेंबर १९७८

सोबत : १. नकलवहीतील पत्राची प्रत. २. कपाटाची किल्ली.