राजनंदिनीच्या ट्रकला पीटीओ

७ जानेवारी, मंगळवार
नात राजनंदिनी तिचा ठोकळ्यांचा ट्रक इथंच ठेवून परभणीला गेली. बसमध्ये मोडंल म्हणे. एकोणीसला आईसोबत कारनं न्यायला येणार, वीसला शाळेत प्रदर्शन. दिवाळीच्या सुट्टीत एकटीनं जोडलाय. आजोबा, हात लावू नका म्हणाली.
रिमोटवर नुसता पुढं-मागं पळतो. मोटरीची ताकद वाया. ट्रॅक्टरला मागं पीटीओचा फिरता दांडा असतो, त्यावर पंप चालतो, मळणीयंत्र चालतं. तसा दांडा ट्रकला बसवला तर त्यावर छोटी क्रेन चालेल. पहिला नंबर पक्का. रेल्वेत एकतीस वर्षं फिटर होतो. दोन दिवसांचं काम.

८ जानेवारी
मागचा भाग खोलला. हात लावणं वेगळं, सुधारणा वेगळी.

१० जानेवारी, सकाळी ९
दांडा फिरला. क्रेननं काडेपेटी उचलली. पण चाकंही फिरली, ट्रक काडेपेटीसकट दिवाणाखाली गेला. आमच्या मंडळी, धम्मशीला, लय हसल्या. त्यांना गिअर कळत नाहीत.
चाकं मोटरीपासून सोडवायला लिव्हर पाहिजे. थोडंच उघडावं लागेल.

१३ जानेवारी
सगळंच उघडलं. तुकडे परातीत. धम्मशीला म्हणाली, परात कणकेला लागती.
संध्याकाळी लिव्हर बसवली. शेजारचे ट्रॅक्टरवाले चंद्रभान बघून म्हणाले, मोटर दम खायलीय. म्हणजे डिझाइन बरोबर, मोटर कमजोर.

१५ जानेवारी, दुपारी ४
मोटर बाइकच्या बॅटरीला जोडली. क्रेन जोरात फिरली. तीन सेकंद. मग वास. धम्मशीलानं खिडक्या उघडल्या.
मोटरीला विश्रांती दिली आहे.

१६ जानेवारी
मोटर अजून विश्रांतीवर. नांदेडच्या दुकानात फोन केला. तीन आठवडे लागतील म्हणाला. बाकीचा ट्रक परत परातीत घेतला. प्रदर्शनं नेहमी पुढं ढकलतात.

१८ जानेवारी
लेकीचा, बबिताचा फोन. प्रदर्शन सोमवारीच. ट्रक कसाय विचारलं. काम प्रगतीपथावर म्हणालो. धम्मशीला म्हणाली, पोरीला आत्ताच सांगा. टेक्निकल गोष्टी फोनवर होत नाहीत.

१९ जानेवारी, रविवार
राजनंदिनी आली. परात बघितली. रडली नाही. जोडणीचं पुस्तक उघडून पहिल्या पानापासून जोडायला बसली. मी पीटीओचं तत्त्व सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, मोटर चालू होईल का.
नाही म्हणालो.
सोबत आणलेल्या तक्त्यावर ‘रिमोटवर चालणारा ट्रक’ लिहिलं होतं. तिनं पहिले दोन शब्द खोडले. मी गिअर शोधून द्यायला वाकलो तर म्हणाली, आजोबा, तुमी बसा.
बसलो. चार तास.